धबधबा निवडताना आधी त्याचे पाणलोट पाहावे: चिखलदरा, मुक्तागिरी आणि सहस्रकुंडाविषयी

आपला प्रश्न असा आहे: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून तीन दिवसांसाठी यायचे आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे, चिखलदऱ्याचे भीमकुंड, मुक्तागिरी आणि सहस्रकुंड हे तिन्ही धबधबे पाहायचे आहेत, वाटेत संत्र्याचे बगीचे दाखवायचे आहेत आणि मुलाला एखाद्या धबधब्याखाली मनसोक्त भिजू द्यायचे आहे. यांतला सर्वांत चांगला धबधबा कोणता आणि कोणत्या क्रमाने जावे, असे आपण विचारले आहे.

मी परतवाड्याकडचा आहे आणि पावसाळ्यात कुटुंबे व शाळांचे गट घाटावर नेण्याचे काम अनेक वर्षे करतो. त्या अनुभवावरून सांगतो की सर्वांत चांगला धबधबा कोणता, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. आपण ज्या आठवड्यात येणार आहात त्या आठवड्यात कोणत्या धबधब्याला पाणी असेल, ते दिसेल का आणि त्याच्याजवळ जाणे सुरक्षित असेल का, हे आधी ठरवावे लागते. या तिन्ही गोष्टी बहुतांशी एकाच बाबीवर अवलंबून असतात, ती म्हणजे त्या धबधब्यामागचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथे पडलेला पाऊस वाहत त्या धबधब्याकडे येतो तो भाग, केवढे आहे. छायाचित्रात सगळे धबधबे सारखेच भरलेले दिसतात, कारण छायाचित्र चांगल्या दिवशी काढलेले असते. प्रत्यक्षात आपण विचारलेल्या तीन धबधब्यांची प्रकृती अगदी वेगवेगळी आहे.

काही गोष्टी मात्र आज कोणालाच सांगता येणार नाहीत. विदर्भात ऑगस्टचा शेवट म्हणजे एखाद्या वर्षी सलग चार-पाच दिवसांची झड असते, तर एखाद्या वर्षी त्याच दिवसांत पावसाचा मोठा खंड पडलेला असतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणून मी खाली जे सांगतो आहे ते तारखेप्रमाणे न वाचता पावसाच्या अवस्थेप्रमाणे वाचावे, आणि अंतिम निर्णय निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत घ्यावा.

आधी चिखलदऱ्याचे पाहू. हे गाव सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याचे परतवाडा-अचलपूर ४०० मीटरांच्याही खाली आहे. म्हणजे दक्षिणेकडे पूर्णा खोऱ्याच्या सपाटीवरून सातशे मीटरांहून अधिक उंचीची भिंत उभी आहे आणि तिच्या माथ्यावर पठार आहे. पावसाळी वारे या भिंतीवर चढताना थंड होतात, त्यामुळे सपाटीवर रिमझिम असताना वर धो-धो पाऊस असतो आणि ढग अक्षरशः रस्त्यावर उतरलेले असतात. भीमकुंड, देवी पॉइंटच्या आसपासचे ओहोळ आणि घाटातल्या वळणांवर दिसणाऱ्या पांढऱ्या धारा हे सारे या पठाराच्या कडेवरून पडणारे पाणी आहे. पठार काही फार मोठे नाही. त्यामुळे इथल्या धारांचे वागणे घराच्या छपरावरून गळणाऱ्या पागोळ्यांसारखे असते: पाऊस जोरात आला की लगेच भरून वाहतात आणि पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत बारीक होत जातात. जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे थोडे टिकते, पण लोक ज्याला धबधबा म्हणतात तो जोर झडीनंतर फार काळ राहत नाही.

यातून एक अडचण उभी राहते आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना तिची कल्पना नसते. झड लागलेली असताना भीमकुंडाला भरपूर पाणी असते, पण दरी धुक्याने इतकी भरलेली असते की कठड्यापाशी उभे राहून केवळ आवाज ऐकू येतो. खंड पडलेला असताना दरी तळापर्यंत स्वच्छ दिसते, पण धार बारीक झालेली असते. दोन्ही गोष्टी जुळून येतात त्या झड उघडल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला चिखलदऱ्यासाठी किमान एक राखीव दिवस ठेवायला सांगतो. एकाच दिवसात वर जाऊन परत येणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते धुके येते. धुके असले तरी कठडा लगेच सोडू नये. ते स्थिर नसते, वाऱ्याबरोबर सरकते आणि पाच मिनिटांसाठी सगळी दरी उघडी होऊन पुन्हा झाकली जाते. माझ्या अनुभवात पहाटे आणि संध्याकाळी ते अधिक दाट असते, सकाळी दहा-अकरानंतर उघडीप मिळण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा भीमकुंडासाठी दुपारपर्यंतचा वेळ मोकळा ठेवावा आणि तिथे निदान अर्धा-पाऊण तास थांबण्याची तयारी ठेवावी.

आई-वडिलांच्या दृष्टीने भीमकुंड सोयीचे आहे, कारण ते वरून, कठड्यापाशी उभे राहूनच पाहायचे असते आणि फार चालावे लागत नाही. भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले आणि मग कुंडात अंग धुतले, अशी इथली कथा आहे. कीचकाची दरी म्हणून या स्थळाला कीचकदरा असेही म्हणतात, आणि जवळच्या वैराटचा संबंध लोक विराटनगरीशी जोडतात. ज्येष्ठ मंडळींना ही कथा सांगणारा एखादा स्थानिक माणूस सोबत घेतला तर धुक्यात थांबण्याचा वेळही चांगला जातो. वर गारवा असतो, तेव्हा ऑगस्ट महिना असला तरी त्यांच्यासाठी स्वेटर आणि कानटोपी अवश्य घ्यावी. छत्रीचा वाऱ्यात काही उपयोग होत नाही, रेनकोटच हवा.

मुक्तागिरी हे याच डोंगररांगेचे पायथ्याकडचे ठिकाण आहे. परतवाड्याहून ते १५ किलोमीटरांच्या आसपास असले तरी प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात मोडते. हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, डोंगराच्या कुशीत ५२ मंदिरे आहेत आणि त्यांच्या मधोमध कड्यावरून धबधबा कोसळतो. माझ्या मते वयस्क माणसांसोबत पाहण्यासाठी या भागातला हा सर्वांत समाधान देणारा धबधबा आहे, कारण तो खालून वर पाहता येतो आणि वरच्या पठारावरचे धुके इथवर क्वचितच उतरते. पायऱ्या मात्र चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर घाई न करता, मध्ये बसत बसत जावे, किंवा अर्ध्यातून जे दिसते त्यावर समाधान मानावे. तेवढेही पुरेसे सुंदर आहे. पावसात दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि मंदिरांच्या परिसरात अनवाणी जावे लागते, तेव्हा आई-वडिलांचा हात धरायला प्रत्येकी एक माणूस असावा. ही लोकांच्या श्रद्धेची जागा आहे. तिथे धबधब्याखाली अंघोळ करणे, आरडाओरडा करणे किंवा डबे उघडून बसणे योग्य नाही, आणि मुलाला हे आधीच समजावून आणावे.

आता सहस्रकुंड. हा धबधबा वरच्या दोघांपेक्षा मुळातच वेगळा आहे, कारण तो पैनगंगेवर आहे. पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांचे पाणी घेत इथवर येते. नदीच्या एका बाजूला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आहे आणि दुसऱ्या बाजूला नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरचा भाग. एवढे मोठे पाणलोट मागे असल्यामुळे सहस्रकुंड गावात पाऊस पडला की नाही याला फारसे महत्त्व राहत नाही. वर ईसापूरचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की इथे ऊन पडलेले असतानाही नदी रोरावत येते. अशा वेळी धबधब्याचे रूपच बदलते: एरवी काळ्या खडकांमधून फुटून पडणाऱ्या असंख्य धारा नाहीशा होतात आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गढूळ पाण्याची एकच भिंत दिसते. ज्यांना ताकद पाहायची आहे त्यांना ते दृश्य आवडते. ज्यांना सहस्र धारांचे, काळ्या कातळाचे सहस्रकुंड पाहायचे आहे त्यांनी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पूर ओसरल्यावर जावे. चिखलदऱ्याच्या धारा तोवर बारीक झालेल्या असतात, पण पैनगंगेचे पाणी चालू असते. मोठ्या पाणलोटाचा हा लाभ आहे.

म्हणून आपल्या तीन दिवसांत सहस्रकुंड बसवू नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो. चिखलदऱ्याहून अमरावतीमार्गे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकापर्यंतचे अंतर ३०० किलोमीटरांच्या घरात जाते आणि पावसाळ्यातले रस्ते लक्षात घेता एक पूर्ण दिवस गाडीतच जाईल. सत्तरीतल्या माणसांना एवढे बसवून न्यावे आणि पोहोचल्यावर नदीला पूर असल्यामुळे दुरूनच पाहून परत फिरावे लागावे, हे मला पटत नाही. सहस्रकुंडासाठी पुण्याहून नांदेडला वेगळे यावे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकच आहे, आणि माहूरच्या रेणुकामातेचे दर्शन त्याच प्रवासात होऊ शकते, म्हणजे आई-वडिलांनाही आनंद होईल.

मुलाला धबधब्याखाली भिजवण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या प्रश्नातला हा एकच भाग मला काळजीचा वाटतो. ऑगस्टमध्ये या भागातील कोणत्याही कड्याखालच्या धारेत लहान मुलाला नेऊ नये. लोक पाण्याच्या खोलीला घाबरतात आणि पाणी उथळ दिसले की निर्धास्त होतात; पण घोट्याएवढ्या पाण्यातही तीन धोके असतात. पहिला म्हणजे शेवाळ. आपला हा खडक बेसॉल्टचा, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, आणि पावसाळ्यात त्यावर जो हिरवा-काळा थर चढतो त्यावर कोणतीही चप्पल टिकत नाही. दुसरा म्हणजे वरून येणारे दगड. झडीच्या दिवसांत कड्यावरची माती सैल झालेली असते आणि धारेबरोबर सुटलेला मुठीएवढा दगड तेवढ्या उंचीवरून डोक्यात बसला तर काय होईल, हे सांगायला नको. तिसरा आणि सर्वांत फसवा धोका म्हणजे लोंढा. पाऊस पठारावर, आपल्या नजरेआड पडतो. आपण उभे असतो तिथे कदाचित ऊन असते. लहान पाणलोट लवकर ओसरते तसे लवकर भरतेही, आणि नाल्यातले पाणी काही मिनिटांत गुडघ्यावरून छातीपर्यंत येते.

लोंढा येण्याआधी काही खुणा दिसतात आणि त्या घरातल्या प्रत्येकाला, मुलालासुद्धा, माहीत असाव्यात. आतापर्यंत स्वच्छ असलेले पाणी गढूळ होऊ लागते. त्यातून पाने, काड्या, गवताच्या पेंढ्या वाहत येऊ लागतात. आवाज जड होतो, आणि जे दगड आत्तापर्यंत पाण्याबाहेर डोके काढून होते ते झाकले जाऊ लागतात. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी सामान, चपला, मोबाइल काहीही न उचलता जवळच्या काठाने वर चढावे. नाल्याच्या पलीकडे अडकला असाल तर परत येण्यासाठी पाणी ओलांडू नये; तिथेच उंचावर थांबावे. असे लोंढे जितक्या वेगाने येतात तितक्याच वेगाने बहुधा उतरतातही, आणि दोन-तीन तास पलीकडे बसून राहण्यात काही बिघडत नाही. हाच नियम रस्त्यावरच्या लहान पुलांना लागू आहे: पुलावरून पाणी वाहत असेल तर समोरची गाडी गेली म्हणून आपली घालू नये.

मग मुलाने भिजायचे कुठे, असे आपण विचाराल. पठारावर, मोकळ्या मैदानात, पावसात आणि धुक्यात. रेनकोट काढून त्याला हवे तितके पळू द्यावे, नंतर कोरडे कपडे आणि भाजलेले मक्याचे कणीस द्यावे. घाटातल्या वळणांवर गाडी थांबवून रस्त्याकडेच्या धारेखाली मुलांना उभे करणारी कुटुंबे मी दर वर्षी पाहतो. तिथे दरडीचा धोका आहे आणि धुक्यातून येणाऱ्या गाडीचा त्याहून मोठा धोका आहे.

संत्र्याच्या बगीच्यांविषयी आपली थोडी निराशा होईल. परतवाडा, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड हा सगळा पायथ्याचा पट्टा संत्र्याचा आहे हे खरे, पण ऑगस्टमध्ये पिवळी संत्री दिसत नाहीत. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि त्याचा तोडा मुख्यतः ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालतो. मृग बहाराची फुले पावसाच्या सुरुवातीला येतात आणि ती फळे पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात. म्हणजे आपण याल तेव्हा झाडांवर आंबियाची हिरवी फळे असतील आणि शेतकरी फळगळीच्या चिंतेत असेल. भरलेले धबधबे आणि पिकलेली संत्री एकाच सहलीत मिळत नाहीत. यांतले एक निवडावे लागते.

तरीही बगीचा पाहायचा असेल तर मालकाची परवानगी घेऊन, बांधावरूनच पाहावा. याचे कारण बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. संत्र्याला होणारा डिंक्या रोग जमिनीतल्या बुरशीमुळे होतो, आणि ती बुरशी ओल्या मातीबरोबर व वाहत्या पाण्याबरोबर एका वावरातून दुसऱ्या वावरात जाते. बुटांना चिकटलेला चिखल घेऊन दहा माणसे झाडांच्या आळ्यातून फिरली, तर जे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागली ते धोक्यात येते. शेतकरी संकोचाने नाही म्हणत नाही, म्हणून आपणच ही काळजी घ्यावी. आपल्या तारखांच्या जवळपास पोळा येत असेल तर मात्र बगीच्याऐवजी पायथ्याच्या एखाद्या गावातला पोळा मुलाला दाखवावा. शिंगांना रंग दिलेले, झुली पांघरलेले, तोरणाखाली रांगेने उभे असलेले बैल त्याच्या लक्षात राहतील. त्या दिवशी शेतातली कामे बंद असतात, तेव्हा कोणाला बगीचा दाखवण्याचा आग्रह करू नये.

आता प्रत्यक्ष आखणी. पुण्याहून रेल्वेने बडनेरा किंवा अमरावतीला उतरावे आणि स्थानिक चालक असलेली गाडी घ्यावी. धुक्यात घाट चालवण्याची सवय नसलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी परतवाड्यापर्यंत येऊन, वेळ असेल तर दुपारी मुक्तागिरी करावे आणि मुक्काम परतवाड्यातच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घाट चढावा. धामणगाव गढीमार्गे साधारण ३० किलोमीटरांचा रस्ता आहे. घटांगकडून जाणारा रस्ता लांब पडतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दीमुळे अनेकदा एकेरी वाहतूक लावली जाते, म्हणून त्या दिवसांत जाणे-येणे कोणत्या रस्त्याने आहे हे पोलिसांकडे विचारून घ्यावे. खरे तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस निवडता आले तर फार बरे; शनिवारी भीमकुंडाच्या कठड्यावर आई-वडिलांना उभे राहायलाही जागा मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी दरी दिसली तर गाविलगड किल्ला बाहेरूनच पाहावा आणि संध्याकाळी गावातला खवा किंवा रबडी घ्यावी. वर गवळी लोकांची जुनी वस्ती आहे आणि तिथल्या दुधाला खरोखरच वेगळी चव आहे. चिखलदऱ्याची कॉफीही घरी न्यावी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड असलेली जागा म्हणून हे गाव ओळखले जाते. तिसरा दिवस राखीव. दुसऱ्या दिवशी धुक्याने काही दिसले नसेल तर पुन्हा भीमकुंड, दिसले असेल तर दुपारनंतर निवांत घाट उतरणे.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे वाघ पाहण्याची आशा मुलाला दाखवू नये. जंगलातून जाणारा प्रवास दिवसाउजेडीच पूर्ण करावा. परतवाड्यात पेट्रोल भरून घ्यावे, रोख पैसे ठेवावेत, कारण वर मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते. आई-वडिलांची रोजची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, त्याहून मोठी सोय अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आहे.

निघण्याच्या दोन दिवस आधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अमरावती जिल्ह्यासाठीचा इशारा पाहावा. लाल इशारा असेल तर प्रवास पुढे ढकलावा. नारिंगी असेल तर परतवाड्यापर्यंत यावे आणि घाट चढण्याचा निर्णय तिथे, स्थानिक लोकांना विचारून घ्यावा. ज्या निवासात उतरणार आहात तिथे फोन करून पाऊस किती आहे एवढेच विचारू नये, कारण वरच्या माणसाला रोजचाच पाऊस असतो आणि तो थोडाफार आहे असे सांगतो. आज भीमकुंडाची दरी दिसली का, किती वाजता दिसली आणि झड उघडून किती दिवस झाले, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे इथे कळवली तर त्या दिवसांची परिस्थिती पाहून क्रम बदलायचा का, हे मी सांगू शकेन.